क्लेमॅटिस: जुनी काडी की नवी फूट?

श्रोतेहो, नमस्कार. क्लेमॅटिसची मोंटाना नावाची वेल मी एकदा ऐन थंडीत छाटली. नुसता वाळक्या काड्यांचा गुंता दिसत होता, म्हटलं, करून टाकू साफ. वेल पुन्हा हिरवीगार फुटली, पण त्या वर्षी फूल एकही आलं नाही. वाळक्या दिसणाऱ्या त्या काड्यांवरच तर कळ्यांचे डोळे तयार होऊन बसले होते!

म्हणून कात्री हाती घेण्याआधी एवढंच बघायचं, की आपली वेल कशावर फुलते, गेल्या वर्षीच्या काडीवर की यंदाच्या फुटीवर? मोंटाना, अल्पिना या वसंतात फुलणाऱ्या वेली जुन्या काडीवर फुलतात. त्यांचा बहर ओसरला की लगेच हलकी छाटणी करावी, नंतर हात लावू नये. विटिसेला आणि 1858 साली इंग्लंडमध्ये केलेल्या संकरातून आलेली जांभळी जॅकमनी उन्हाळ्यात नव्या फुटीवर फुलतात. थंडी संपता संपता त्यांची सरळ खरड छाटणी करायची, जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटरवर, ठसठशीत डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर. पहिल्यांदा हात थरथरतो, पण इथे दयामाया दाखवली तर फुलं सगळी शेंड्याला आणि खाली नुसते उघडे सोट! मोठ्या फुलांच्या, आधी जुन्या काडीवर आणि पुढे नव्या फुटीवर फुलणाऱ्या जातींचं फक्त मेलेलं, किडकं काढावं.

नव्या रोपाला मात्र हा भेद नाही. लावल्यानंतरच्या पहिल्या वसंताआधी कुठलीही जात खालून छाटा, म्हणजे बुंध्यातून जास्त फांद्या फुटतात.

लावताना रोप कुंडीत होतं त्यापेक्षा पाच-सात सेंटिमीटर खोल बसवा. मोठ्या फुलांच्या जातींना मर रोगाची खोड असते. काल टवटवीत असलेली फांदी आज मान टाकते, काळी पडते. अशी फांदी निरोगी भागापर्यंत कापून टाका. वरचं सगळं गेलं, तरी मातीखालच्या डोळ्यांतून वेल पुन्हा उठते. खोल लावायचं ते त्यासाठी. मुळांना गारवा हवा, शेंड्याला ऊन. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करा, फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका.

आणि आधार बारीक द्या. हिला द्राक्षवेलीसारखे कुरळे तंतू नसतात, पानाचा देठच आधाराला विळखा घालतो. जाड बांबू त्याच्या कवेत मावत नाही. तार किंवा जाळी बरी.

छाटताना हातमोजे घाला, चीक अंगाला लागला तर आग होते. जातीचं नाव ठाऊक नसेल, तर एक वर्ष छाटूच नका. फूल कुठल्या महिन्यात आणि कुठल्या काडीवर आलं, ते चिठ्ठीवर लिहून वेलीलाच बांधून ठेवा. माझ्या मोंटानाला अशी चिठ्ठी आता आहे.