मे महिन्याची सुट्टी आणि मुलांचं स्वतःचं हस्तलिखित

नमस्कार! निकाल लागले, दप्तरं माळ्यावर गेली आणि आता घराघरांत एकच प्रश्न आहे, एवढी मोठी सुट्टी, मुलांचं करायचं काय? आज मी पहिली ते चौथीच्या मुलांविषयी बोलणार आहे. शिबिरांची यादी मी देणार नाही. एकच गोष्ट सुचवणार आहे. या सुट्टीत तुमच्या मुलाला स्वतःचं एक पुस्तक करू द्या. लिहायचं त्यानं, चित्रं त्याची, शिवायचंही त्यानंच.

आपल्याकडे याला जुना, छान शब्द आहे, हस्तलिखित. कितीतरी शाळांमध्ये दरवर्षी मुलांचं हस्तलिखित निघायचं, काही शाळांत अजूनही निघतं. तेच घरी करायचं.

पण आधी वाचनाबद्दल थोडं. "सुट्टीत दहा पुस्तकं वाच, मग सायकल घेऊन देतो," असं कृपा करून म्हणू नका. मूल पानं उलटायला शिकतं, वाचायला नाही. त्यापेक्षा रोज रात्री एक गोष्ट तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. मूल चौथीत असलं, स्वतः घडाघडा वाचत असलं, तरीही. त्याला स्वतःला वाचता येतं त्याहून अवघड गोष्ट ऐकताना समजत असते. शब्द असेच कानावाटे आत जातात.

पुस्तकं आणायची कुठून? आधी गावातलं किंवा तालुक्याचं सार्वजनिक वाचनालय बघा. बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो, आणि तिथली वर्गणी एका वडापावाच्या बेतापेक्षा फार जास्त नसते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. तुम्ही स्वतः लहानपणी वाचलेला अंक शोधा आणि मुलाला दाखवा, बघा कसे डोळे मोठे होतात! अगदी लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ आहे. तिथं मराठीतल्या चित्रगोष्टी सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, उतरवून घ्यायलाही मोफत. आणि महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर वाटेत भिलारला थांबा. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरात बसून पुस्तक वाचायचं, ही कल्पनाच मुलांना फार आवडते.

आता मुख्य काम. (कोरा कागद हातात घेऊन) हा साधा ए-फोर कागद. याची आठ पानांची पुस्तिका करू, डिंक नाही, पिना नाहीत. कागद लांबीत अर्धा दुमडा, उघडा. आता रुंदीत अर्धा दुमडा, उघडा. दोन्ही टोकं मधल्या घडीपर्यंत आणा, पुन्हा उघडा. झाले आठ चौकोन. आता परत रुंदीत अर्धा दुमडा आणि घडीच्या बाजूनं, बरोबर मधल्या रेषेवर, पुढच्या घडीपर्यंतच कापा. (कापून दाखवत) एवढंच. कागद उघडला की मधोमध एक फट दिसते. आता लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला, फट उघडते, आणि पानं एकमेकांवर घ्या. झालं पुस्तक! सहा वर्षांच्या मुलाला एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा ते स्वतः करतं. पहिले दोन-चार दिवस अशीच छोटी पुस्तकं होऊ द्या. एका पानावर एक वाक्य, एक चित्र, बास.

मग मोठं हस्तलिखित. पाच कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की वीस पानं होतात. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा, हे मात्र मोठ्यांनी करायचं. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. दोरा जिथून निघाला तिथंच आला. आतल्या लांब धाग्यावर गाठ मारा. जाड पुठ्ठ्याला जुन्या साडीचा काठ चिकटवा, मुखपृष्ठ तयार.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सांगते. स्वतःचं पुस्तक करायला बसलेलं मूल दुसऱ्यांची पुस्तकं वेगळ्या नजरेनं बघायला लागतं. लेखकाचं नाव कुठं छापतात? चित्र याच पानावर का आहे? गोष्ट सुरू कशी झाली? हे प्रश्न आपण विचारावे लागत नाहीत, ते स्वतः येऊन विचारतं. वाचायला लावण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

पण लिहायचं काय? "माझी सुट्टी" असा निबंध नको, तो शाळेत होतोच. घरात काय चाललंय ते बघा. मे महिना म्हणजे वाळवणं! आजी कुरडया करत असेल तर मुलाला वही घेऊन शेजारी बसवा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि सोऱ्यातून पाडायचा. हे सगळं मुलानं स्वतःच्या शब्दांत, क्रमानं लिहायचं. पाणी का बदलायचं? हे आजीलाच विचारायचं आणि तिचं उत्तर जसंच्या तसं उतरवायचं. आजी वऱ्हाडीत बोलली तर वऱ्हाडीत, मालवणीत बोलली तर मालवणीत, अहिराणीत बोलली तर अहिराणीत. तिथं प्रमाण भाषेचा आग्रह धरू नका. त्या पानाची सगळी किंमत त्या बोलीत आहे.

आजोबांची मुलाखत घ्या. प्रश्न मुलानंच काढायचे. "उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचात?" एवढ्या एका प्रश्नावर दोन पानं सहज भरतात. घरातल्या मोठ्यांकडून जुनी कोडी गोळा करा. "सूपभर लाह्या, मध्ये रुपया", उत्तर शेवटच्या पानावर उलटं लिहायचं. (चांदण्या आणि चंद्र, ज्यांना येत नसेल त्यांच्यासाठी!) गल्लीचा नकाशा काढा: पाणपोई कुठं, चिंचेचं झाड कुठं, कुत्रा कुठं झोपतो.

आणि बाहेर तर खजिनाच आहे. बहावा पिवळाधमक फुललेला असतो, त्याचं पान कागदाखाली ठेवून वरून खडू घासला की शिरांसकट ठसा उमटतो. कोकीळ दिवसभर ओरडत असतो. 'कुहू' गाणारा तो काळाभोर नर, मादी ठिपक्यांची असते. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, आणि कावळ्याची घरटी याच दिवसांत दिसतात. मुलाला गच्चीतून लांबूनच रोज एकदा बघू द्या, काय दिसलं ते तारखेसह दोन ओळींत लिहू द्या. पुढे पावशा 'पेरते व्हा' म्हणायला लागला की तीही तारीख नोंदवायची. पहिल्या पावसासाठी एक पान कोरं ठेवा.

एक कळकळीची विनंती. हातात लाल पेन घेऊ नका. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, चुकू द्या. मुलानं "हे कसं लिहायचं?" असं विचारलं तर जरूर सांगा. न विचारता एकही अक्षर खोडू नका. आणि चित्र तुम्ही काढून देऊ नका. शाळेच्या प्रकल्पांत पालकांचीच अक्षरं आणि पालकांचीच चित्रं किती दिसतात, मनापासून वाईट वाटतं. ज्या मुलाला अजून लिहिता येत नाही त्यानं बोलायचं आणि तुम्ही लेखनिक व्हायचं. तिथंही वाक्य त्याचंच, तुम्ही सुधारायचं नाही.

वेळापत्रक लावू नका. चार दिवस वहीकडे बघितलंच नाही तर नाही. वही, रंग, कात्री हाताशी येतील अशा ठिकाणी ठेवा, एवढं पुरे.

हस्तलिखित पूर्ण झालं की घरात सगळ्यांना बोलावून मुलाला ते मोठ्यानं वाचू द्या. मग झेरॉक्स काढा, एक प्रत मामाच्या गावाला, एक वर्गातल्या बाईंना किंवा गुरुजींना, वर्गाच्या पेटीत ठेवायला. शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात, म्हणजे शिवणकाम जूनच्या पहिल्या आठवड्यात हातावेगळं करा. विदर्भातल्या मंडळींना उन्हामुळे आठ-पंधरा दिवस जास्त मिळतात. तुमची वीस पानं कमी पडली तर आणखी दोन कागद घाला, शिलाई तीच.