मशीनपर्यंतचं भाडं

श्रोतेहो, नमस्कार.

संक्रांतीच्या महिन्यात आम्ही काही जण नागपुरात चालतो आणि चाललेल्या किलोमीटरवर लोकांकडे पैसे मागतो. ते पैसे डायलिसिसवर, म्हणजे किडनीच्या जागी मशीनने रक्त शुद्ध करून घेण्यावर, असलेल्या गरीब माणसांसाठी जातात. आमच्यातल्या बऱ्याच जणांना स्वतःलाच किडनीचा आजार आहे. मलाही आहे. हे सगळं कसं चालतं आणि मुळात कशासाठी, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी कशासाठी ते सांगते.

आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 मध्ये जाहीर झाला, त्यातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं. या योजनांमुळे माणसं जगली आहेत, मी ती डोळ्यांनी पाहिली आहेत. पण एकदा दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसले असताना बाकावर शेजारी भिवापूरकडची एक बाई होती. नवऱ्याला घेऊन आठवड्यातून दोनदा यायची. मी सहज विचारलं, "योजनेत होतं ना सगळं?" ती म्हणाली, "हो ताई, मशीन फुकट हाय. पण मशीनपाशी याले पैसे लागते नं."

तिने पिशवीतून मुलाची जुनी वही काढली. मागच्या पानांवर पेन्सिलीने तारखा घातलेल्या आणि प्रत्येक तारखेपुढे खर्च: येणं, जाणं, आटो, चहा, नाश्ता. डायलिसिसच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, ते तिला माहीत होतं आणि ती ते घेतही होती. पण सुया काढल्यावर ज्याला उभं राहिलं की चक्कर येते, त्याला स्टँडपर्यंत आटोच लागतो. शिफ्ट लांबली की शेवटची गाडी चुकते, मग खासगी गाडीवाल्याला मागेल ते द्यावं लागतं. आणि ज्या दिवशी ती सोबत येते, त्या दिवशी तिची मजुरी बुडते. नवऱ्याची मजुरी तर केव्हाच बंद झाली होती. वहीत काही तारखा कोऱ्या होत्या. त्या दिवशी ते आलेच नव्हते.

श्रोतेहो, डायलिसिस चुकणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. किडन्या थकल्या की पाणी अंगात साठायला लागतं, पायांवर सूज येते, छातीत पाणी होऊन धाप लागते. रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून आठवड्यातून दोनदा, खरं तर तीनदा, चार-चार तास मशीनला लागून पडावं लागतं. हे मशीन गावात का नेत नाहीत, असं मला पुष्कळ जण विचारतात. एका वेळच्या डायलिसिसला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. त्यासाठी पाणी शुद्ध करणारा वेगळा प्लांट हवा, वीज हवी, शिकलेला तंत्रज्ञ हवा, हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवा. एवढं सगळं प्रत्येक गावात उभं राहील तेव्हा राहील, तोवर माणसालाच मशीनकडे यावं लागणार. आणि भाड्यावाचून बुडालेलं डायलिसिस कुठल्याही बिलात दिसत नाही. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

म्हणून आमचा निधी सोबत येणाऱ्याच्या तिकिटाला जातो, आटोला जातो, आणि अंड्यांना जातो. अंडी ऐकून नवल वाटेल. माझ्यासारखा रुग्ण, ज्याचं डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, त्याला डॉक्टर प्रथिनं बेताने खायला सांगतात. एकदा डायलिसिस लागलं की हिशेब उलटा होतो. मशीनमधून प्रथिनांचा अंश निघून जातो, माणूस वाळत जातो, म्हणून प्रथिनं वाढवावी लागतात. अंड्याचा पांढरा भाग त्यासाठी उत्तम आणि त्यातल्या त्यात स्वस्त. पण ज्या घरात भाड्यालाच पैसे नाहीत, तिथे रोजची अंडी कुठून आणायची?

आता कसं ते.

जागतिक किडनी दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो. पण मार्चमध्ये नागपूरचं ऊन काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की आधीच दुखावलेल्या किडनीवर आणखी ताण येतो. म्हणून आम्ही जानेवारी धरला. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारून महिन्याचं अंतर ठरवायचं आणि ओळखीपाळखीच्या लोकांकडून दर किलोमीटरला काही रक्कम कबूल करून घ्यायची. समजा कुणी 60 किलोमीटर ठरवले आणि तुम्ही किलोमीटरला 10 रुपये म्हणालात, तर तुमचे 600 होतात. मागणाऱ्यालाही सोपं जातं आणि देणाऱ्यालाही. नुसती मदत मागायला गेलं की समोरचा आधी आपल्याकडे कणवेने बघतो. किलोमीटर सांगितले की तो विचारतो, "आज झाले का?"

मला सगळ्यात जास्त देणगी मिळाली ती हळदीकुंकवात. मी शाळेत गणित शिकवते, त्रिमूर्तीनगरला राहते, आमच्या गल्लीत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एक संध्याकाळ रिकामी जात नाही. वाण लुटायच्या आधी मी दोन मिनिटं मागून घेत असे. मला किडनीचा आजार आहे, तिसरा टप्पा आहे, एवढं सरळ सांगायची. बायका तिळगुळाची वाटी हातात धरून गप्प व्हायच्या. मग एखादी हळूच विचारायची, "मॅडम, पण तुमच्याकडे बघून तर काहीच वाटत नाही?" वाटत नाहीच. निम्म्याहून जास्त काम थांबेपर्यंत किडनी फारशी तक्रार करत नाही. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब ही किडनी बिघडण्याची दोन मोठी कारणं, आणि ही दोन्ही दुखणी त्या खोलीत बसलेल्या कितीतरी जणींच्या घरात होती. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, तोही किडनीला इजा करतो. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनीतून गळणारं प्रथिन, या दोन तपासण्या वर्षातून एकदा करा, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगितलं. पुढे दोघीतिघी रिपोर्ट घेऊन माझ्या घरी आल्या. त्यांतल्या एकीचं अल्ब्युमिन वाढलेलं निघालं, वेळेत कळलं, तिची औषधं सुरू झाली. निधी किती जमला हे मला आकड्यांत सांगता येईल, पण त्या बाईचा रिपोर्ट मला त्याहून मोलाचा वाटतो.

किडनीच्या माणसाने चालावं का, हा प्रश्न घरोघरी निघतो. आमच्या सासूबाई अजून म्हणतात, "पडून राहा, अंगाला आराम दे." त्यांचं मन मी जाणते. पण किडनीच्या उपचारांची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम करा असंच सांगतात, ज्याच्या त्याच्या हृदयाला आणि ताकदीला झेपेल तेवढा. चालताना बोलता आलं पाहिजे, ही साधी खूण. आणि कृपा करून 10,000 पावलांच्या मागे लागू नका. हा आकडा 1965 मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून जगभर पसरला. किडनीच्या रुग्णासाठी तो कुणी ठरवलेला नाही. आमच्यातले एक काका डायलिसिसवर आहेत. डायलिसिसच्या दिवशी ते अजिबात चालत नाहीत, बाकीच्या दिवशी घरापासून कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत जाऊन येतात. त्यांचं अंतर आमच्या यादीत सगळ्यात कमी आहे, आणि त्यांच्या नावावर सगळ्यात जास्त देणगीदार आहेत.

आता चालणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी जरा थांबून सांगणार आहे, कारण यातूनच नुकसान होतं. चार दिवस चाललं की गुडघा दुखतो, पोटरी धरते. मग माणूस औषधाच्या दुकानात जातो आणि दुखण्याची गोळी मागतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. धडधाकट माणसाला एखादी गोळी चालून जाईल, पण ज्याची किडनी आधीच अर्धी झाली आहे त्याला ती महागात पडू शकते, विशेषतः अंगात पाणी कमी असताना. गुडघा दुखला तर अंतर कमी करा, एक दिवस थांबा, डॉक्टरांना फोन करा. देणगीदार एका दिवसाने पळून जात नाही.

तसंच ते बागेबाहेरचे रस. सकाळी फिरायच्या रस्त्यावर दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर, सगळ्याचे ग्लास मांडलेले असतात. विकणारा चांगल्या मनाने विकतो, पिणारा चांगल्या मनाने पितो. पण रसात पोटॅशियम एकवटून येतं, आणि ज्याची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही त्याच्यासाठी ते घातक ठरतं. नारळपाण्याचंही तेच. आपलं संत्रंसुद्धा! नागपूरच्या माणसाला संत्रं मोजून खा म्हणणं जिवावर येतं, पण ज्यांचं पोटॅशियम वाढलेलं आहे त्यांना मोजूनच खावं लागतं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यातच लोणचं, पापड, तर्रीपोह्यावरचा शेव सगळं आलं. मिठाऐवजी मिळणाऱ्या 'कमी सोडियमच्या' मिठात बहुतेक वेळा पोटॅशियम घातलेलं असतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. पाणी किती प्यायचं तेही ज्याचं त्याचं वेगळं. डायलिसिसवरच्या माणसाला "भरपूर पाणी पी" असा आग्रह कधीच करू नका. आणि आदल्या दिवशी खूप चालून दुसऱ्या दिवशी लघवीची तपासणी केली तर अल्ब्युमिन उगाच वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी सुट्टी घ्या.

पैशांचं थोडक्यात सांगते. एकही रुपया आमच्या कुणाच्या खात्यात येत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेल्या एका ट्रस्टच्या खात्यात देणगी थेट जाते आणि पावती तिथूनच मिळते. भाडं कुणाला द्यायचं, हेही आम्ही ठरवत नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, कोणाचं डायलिसिस वारंवार चुकतंय हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. त्यांनी नावं सुचवायची आणि ट्रस्टने तिकीट आणि आटोचे पैसे द्यायचे. तुम्ही वर्धा, भंडारा, चंद्रपूर, कुठूनही ऐकत असाल आणि तुमच्याकडे असं काही सुरू करायचं मनात असेल, तर पहिली भेट त्या अधीक्षकांची घ्या. गरज अंड्यांची आहे, भाड्याची आहे की रात्रीच्या गाडीची, ते त्यांच्याकडूनच कळेल.

नागपुरातल्यांसाठी एवढंच: जानेवारीतल्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही सिव्हिल लाइन्समध्ये वॉकर्स स्ट्रीटवर, जपानी गार्डनच्या बाजूला जमतो. थंडीत रक्तदाब चढतो, तेव्हा घरून मोजून या, स्वेटर घाला. मधुमेह असेल तर सुती मोजे आणि बंद बूट हवेतच, कारण पायाला जखम झालेली कळत नाही. हातावर फिस्तुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, असेल तर त्या हातात पिशवी धरू नका, घड्याळही दुसऱ्या हाताला बांधा. भिवापूरच्या त्या बाईही मागच्या जानेवारीत एका रविवारी आल्या होत्या. नवऱ्याचं डायलिसिस आता चुकत नाही, आणि वही त्या अजून लिहितात.

नमस्कार.