शिट्टी न होऊ देता दाब टिकवणे

मित्रहो, अणुसंमीलनाची, म्हणजे हलकी अणुकेंद्रके एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याची, बातमी येते तेव्हा मथळ्यात बहुधा तापमान असते: सूर्याच्या गाभ्याहून कित्येक पटींनी तप्त असा ‘कृत्रिम सूर्य’. ते खोटे नसते; पण या क्षेत्रात काम करणारा माणूस आधी दाब विचारतो, कारण योग्य तापमान गाठल्यावर संमीलनातून मिळणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट झाला, तर शक्ती चौपट.

अमेरिकेतील एमआयटीच्या अल्केटर सी-मॉड या टोकामाकने (चुंबकीय क्षेत्रात तप्त वायू कोंडून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्राने) 30 सप्टेंबर 2016 रोजी, म्हणजे आपल्या कामकाजाच्या अगदी शेवटच्या दिवशी, 2.05 वातावरण (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा सामान्य दाब) इतका सरासरी दाब गाठला. आधीचा 1.77 चा उच्चांकही त्याच यंत्राचा होता, 2005 मधला. दोन वातावरण म्हणजे किती? घरातला कुकर शिट्टीच्या बेतात येतो तेव्हा आत साधारण तेवढाच दाब असतो. हे ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. मात्र कुकरमधली वाफ सुमारे 120 अंशांची असते, तर सी-मॉडमधला प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू, साडेतीन कोटी अंशांच्या पुढे आणि हवेपेक्षा लाखभर पटींनी विरळ होता. शिवाय कुकरला जाड भिंत असते. इथे प्लाझ्माला भिंतीपासून दूर ठेवायचे आणि भिंतीचे काम चुंबकीय क्षेत्राकडून करून घ्यायचे.

ते क्षेत्र 5.7 टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) होते. त्याचा चुंबकीय दाब काढला तर तो सुमारे 128 वातावरण भरतो. म्हणजे दोन पकडून ठेवायला 128 खर्ची पडले. प्लाझ्माचा दाब भागिले चुंबकीय दाब या गुणोत्तराला ‘बीटा’ म्हणतात. ही उधळपट्टी वाटते खरी, पण बीटा वाढवत नेला की प्लाझ्मा पिळवटतो, त्याला फुगवटे येतात, क्षेत्ररेषा तुटून निराळ्या जोडल्या जातात आणि त्यांची ‘बेटे’ तयार होतात. फारच बिनसले तर काही मिलिसेकंदांत सगळी उष्णता भिंतीवर ओतून तो मोकळा होतो. बीटाची ही मर्यादा प्लाझ्मातील विद्युतप्रवाहाशी कशी बांधलेली आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस ट्रॉयॉन यांनी 1984 मध्ये दाखवले.

खरी झुंज चालते ती कडेला. 1982 मध्ये जर्मनीतील गार्खिंग येथील ॲस्डेक्स यंत्रावर फ्रिट्झ वाग्नर यांना असे दिसले की तापवण्याची शक्ती एका उंबरठ्यापलीकडे नेली की प्लाझ्माच्या कडेचा खळखळाट एकाएकी शमतो आणि उष्णता धरून ठेवण्याची क्षमता जवळजवळ दुप्पट होते. कडेला दाबाचा उभा कडा तयार होतो, आणि आतला सगळा दाब त्या कड्याच्या उंचीवर उभा राहतो. या अवस्थेला ‘एच-मोड’ म्हणतात. पण कडा फार उभा झाला की ढासळतो: कडेचा थर स्फोटासारखा सुटतो, पुन्हा भरतो, पुन्हा सुटतो. कुकरची शिट्टी होते तसेच हे. फरक इतकाच की ही प्रत्येक शिट्टी तळाशी बसवलेल्या डायव्हर्टर या उष्णता झेलणाऱ्या भागाच्या फरशांवर आदळते. छोट्या यंत्रात हे खपते, मोठ्यात टंगस्टनही झिजेल. यावर एक उपाय सॅन डिएगोच्या डीथ्री-डी यंत्रावर सिद्ध झाला: कॉइलांनी कडेच्या क्षेत्राला मुद्दाम किंचित वेडेवाकडे करायचे, म्हणजे दाब थोडा-थोडा झिरपत राहतो आणि शिट्टी होत नाही. नीटनेटके क्षेत्र बिघडवून स्थैर्य मिळवण्याची ही युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

आता कालावधीकडे वळू. सी-मॉडचा विक्रमी दाब दोनच सेकंद टिकला. तांब्याच्या कॉइली तापत असल्याने तिथे प्रयोग लांबवायला फारसा वावच नव्हता. दक्षिण कोरियातील केस्टार या टोकामाकच्या कॉइली अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या, आहेत, त्यामुळे 2024 मध्ये त्याने एच-मोड 102 सेकंद आणि दहा कोटी अंशांचे तापमान 48 सेकंद टिकवले. मात्र त्याचे क्षेत्र फार तर 3.5 टेस्लाचे, त्यामुळे दाबाला तेवढा आधार नाही. जोरकस क्षेत्र आणि दीर्घ कालावधी यांची एकत्र परीक्षा फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या इटर या टोकामाकमध्ये व्हायची आहे: 5.3 टेस्ला, सुमारे 2.6 वातावरण, आणि कडेच्या त्या शिट्ट्या आवरण्यासाठी पात्राच्या आतच बसवायच्या 27 कॉइली.