शंभर डॉलरचं यंत्र आणि टोरोंटोची खरेदी

श्रोतेहो, नमस्कार. शाम्पूच्या बाटलीवरचं लेबल, फायलीवरचं नावाचं स्टिकर, मॉलमधल्या कपड्यावरचा चोरी पकडणारा बिल्ला. या तिन्ही धंद्यांत असलेली एक कंपनी आहे, टोरोंटोची सीसीएल इंडस्ट्रीज. 1951 साली सुरू झाली आणि दुसऱ्यांचे कारखाने विकत घेत वाढली. विकत घेत वाढली, हे लक्षात ठेवा.

पण गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये, 1935 साली. तेव्हाची लेबलं ओली करून चिकटवायची. स्टॅन ॲव्हरी या तरुणानं होणाऱ्या पत्नीकडून, डोरोथीकडून, शंभर डॉलर उसने घेतले. कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, शिवणयंत्राचे भाग आणि एक यांत्रिक करवत जोडून त्यानं यंत्र उभं केलं. पाठीला आधीच गोंद लावलेली, आकारात कापलेली लेबलं! यातली खरी मेख कापण्यात आहे. पात्यानं वरचा कागद कापायचा, खालचा आधाराचा कागद कापायचा नाही. पातं खोल गेलं, तर खालचा कागद चिरतो आणि बाटल्यांच्या यंत्रावर अख्खा रोल मध्येच तुटतो. उथळ राहिलं, तर लेबलांभोवती उरलेली कागदाची जाळी ओढून काढताना लेबलंही उपटून येतात. आजही लेबलच्या कारखान्यात हीच दोन दुखणी.

ॲव्हरीच्या कंपनीचं नाव होतं कम-क्लीन, म्हणजे डाग न ठेवता निघणारं. किमतीचं स्टिकर निघायलाच हवं, हे त्याला तेव्हा कळलं होतं. आपल्याकडे नव्या स्टीलच्या पातेल्यावर कायमच्या गोंदाचं स्टिकर लावतात, हे मला अजिबात पटत नाही. ग्राहकानं खोबरेल तेल चोळत का बसावं? निघणारा गोंद मिळतो, तोच वापरावा.

तर ॲव्हरीची कंपनी 1990 मध्ये डेनिसन या दुसऱ्या कंपनीत मिसळली. पुढे तिनं ऑफिसच्या लेबलांचा विभाग विकायला काढला. पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या बनवणारी, या धंद्यातली प्रतिस्पर्धी थ्रीएम 55 कोटी डॉलर द्यायला तयार होती, पण स्पर्धा मारली जाईल म्हणून अमेरिकी न्याय खात्यानं हरकत घेतली आणि 2012 मध्ये सौदा मोडला. पुढच्या वर्षी सीसीएलनं तोच विभाग, वर लेबलांचा आणखी एक विभाग, दोन्ही मिळून 50 कोटींत घेतले. एकाला 55, दोघांना 50! ऑफिसच्या लेबलांत सीसीएल प्रतिस्पर्धी नव्हती, म्हणून तिला वाट मोकळी होती.

मग 2016 मध्ये चेकपॉइंट घेतली, ते चोरी पकडणारे बिल्ले तिचेच. आणि 2017 मध्ये सुमारे 113 कोटी कॅनडी डॉलरला इनोव्हिया. इथे डाव वेगळा. इनोव्हिया लेबलं छापत नाही, लेबलांची प्लॅस्टिक फिल्म बनवते. म्हणजे छापणाऱ्यानं कच्चा मालच घरात आणला. इंग्लंडमधल्या विगटनच्या तिच्या कारखान्यातल्या फिल्मवरच 2016 ची पाच पौंडांची नोट छापली गेली.