बाग विकायचा हक्क कुणाचा?

(दृश्य: सकाळचं मिशिगन सरोवर. काठाने धावणारी, सायकल चालवणारी माणसं. मागे उंच इमारतींची रांग.)

शिकागो. एका बाजूला मिशिगन अव्हेन्यूवरच्या इमारती, दुसऱ्या बाजूला पलीकडचा काठ दिसू नये एवढं मोठं सरोवर. आणि या दोहोंच्या मधे, शहराच्या ऐन मध्यवस्तीत, 319 एकरांचं ग्रँट पार्क. बाकावर डबा उघडून बसलेला कारकून, गवतावर लोळणारी पोरं, 1927 पासून उडणारं बकिंगहॅम कारंजं. इथे यायला कुणाला ओळखपत्र दाखवावं लागत नाही.

याच जमिनीच्या उत्तरेकडच्या तुकड्याचा 1869 मध्ये सौदा ठरला होता. घेणार होत्या रेल्वे कंपन्या, विकणार होतं शहर. भाव ठरला 8 लाख डॉलर.

(दृश्य: जुना नकाशा. कॅमेरा सावकाश काठावरच्या कोऱ्या पट्टीकडे सरकतो.)

त्या सौद्याआधी हा नकाशा बघायला हवा. साल 1836. मिशिगन सरोवर आणि इलिनॉय नदी यांना जोडणारा कालवा खणायचा होता. त्यासाठी पैसा उभा करायचा, म्हणून कालव्याच्या आयुक्तांनी शिकागोतली जमीन भूखंड पाडून विकायला काढली. नकाशावर सगळीकडे चौकोन आहेत, चौकोनांत आकडे आहेत. काठालगतच्या एका पट्टीत मात्र आकडा नाही, मजकूर आहे. ही जागा सार्वजनिक आहे. ती कायमची मोकळी राहील. तिच्यावर इमारत किंवा दुसरा कसलाही अडथळा येणार नाही.

हे वाक्य कुणी हौसेने लिहिलेलं नव्हतं. समोरचे भूखंड लोकांनी विकत घेतले ते हा नकाशा पाहून. पुढे सरोवर दिसत राहील, वारा येत राहील, या भरवशावर त्यांनी पैसे मोजले. म्हणजे या ओळीची किंमत कुणीतरी आधीच चुकती केली होती. पुढच्या पंचाहत्तर वर्षांत बागेसाठी कोर्टात जे झगडे झाले, त्यांच्या मुळाशी ही एक ओळ होती.

(दृश्य: लाटा दगडी बांधावर आपटतात.)

अडचण सुरू झाली ती पाण्यामुळे. सरोवराच्या लाटा काठ खात होत्या. बांध घालणं भाग होतं आणि शहराकडे पैसा नव्हता. 1852 मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वेने मार्ग काढला: बांध आम्ही घालतो, बदल्यात आमचे रूळ शहराच्या मध्यभागापर्यंत येऊ द्या. रूळ आले, तेही काठापासून आत, पाण्यात लाकडी खांब रोवून त्यांवर. किनारा वाचला. पण बागेसमोरून आगगाड्या धावू लागल्या, आणि कंपनीचा एक पाय कायमचा काठावर रोवला गेला.

सतरा वर्षांनी कंपनीने दुसरा पाय टाकायचं ठरवलं.

(दृश्य: वाफेच्या इंजिनांची जुनी छायाचित्रं, मालाचे डबे, गोदामं.)

1869 मध्ये इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा केला. त्यात दोन गोष्टी होत्या. बागेचे उत्तरेकडचे तीन भाग स्टेशनसाठी इलिनॉय सेंट्रल आणि आणखी दोन रेल्वे कंपन्यांना विकण्याची शहराला मुभा, 8 लाख डॉलरना. आणि सरोवराच्या तळाची एक हजार एकरांहून जास्त जमीन, म्हणजे जवळपास सगळं बंदर, एकट्या इलिनॉय सेंट्रलला बहाल.

आता प्रामाणिकपणे विचार करू. शिकागोला स्टेशन हवं होतं. धान्य, लाकूड, जनावरं, सगळा व्यापार रेल्वेवर चालत होता. बागेच्या विक्रीतून येणारा पैसा इतर बागांसाठी वापरायचा, असंही कायद्यात घातलं होतं. कागदावर यात वाईट काहीच दिसत नाही. आणि माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं हेच आहे. सार्वजनिक बाग मागायला येणारा कधीच वाईट कारण सांगत नाही. तो स्टेशन देतो, संग्रहालय देतो, दवाखाना देतो, वाहनतळ देतो. कारण पटण्यासारखं असतं म्हणूनच विरोध करणारा माणूस आडमुठा ठरतो.

गव्हर्नर जॉन पामर यांनी कायद्यावर सही करायला नकार दिला. विधिमंडळाने त्यांचा नकार ओलांडून तो मंजूर केला. कंपन्यांनी 2 लाखांचा पहिला हप्ता देऊ केला. पण शहराच्या कौन्सिलने सौद्यावर शिक्कामोर्तब केलं नाही, आणि समोरचे मालमत्ताधारक कोर्टात गेले. सौदा लोंबकळत राहिला.

(दृश्य: 1871 च्या आगीनंतरचं शिकागो. भिंतींचे सांगाडे.)

मग 1871 च्या ऑक्टोबरात शिकागो जळालं. जळक्या शहराचा राडारोडा आणून टाकला तो काठ आणि रूळ यांच्यामधल्या पाण्यात. विटा, लोखंड, राख. आज जिथे माणसं गवतावर बसतात, त्या जमिनीच्या पोटात ते जुनं शहर आहे.

1873 मध्ये राज्याने 1869 चा कायदा मागे घेतला. कंपनी म्हणाली, दिलेलं परत घेता येत नाही. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि निकाल लागला 1892 मध्ये. चार विरुद्ध तीन. दोन न्यायमूर्ती बाजूला राहिले होते. सरन्यायाधीश फुलर यांनी पूर्वी शिकागो शहराची वकिली केली होती, आणि न्यायमूर्ती ब्लॅचफर्ड यांच्याकडे इलिनॉय सेंट्रलचे शेअर होते. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज ही बंदराची सगळी कडा कंपनीची असती.

बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारकडे असलेली सगळीच जमीन सारखी नसते. काही जमीन सरकार मालक म्हणून बाळगतं, ती विकू शकतं. काही मात्र लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं. बंदराखालची जमीन दुसऱ्या प्रकारची. विश्वस्ताला ती खासगी कंपनीच्या हवाली करून मोकळं होता येत नाही, मग विधिमंडळात त्यासाठी कितीही हात वर झालेले असोत.

(दृश्य: मिशिगन अव्हेन्यूवरची जुनी इमारत. खिडकीतून बागेकडे.)

पाण्याखालची जमीन वाचली. बागेचं काय? तिच्यासाठी लढला तो एक व्यापारीच. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड. 1872 मध्ये त्याने टपालाने माल विकण्याचा धंदा सुरू केला, खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना कॅटलॉग पाठवून. धंदा वाढला, कचेरी मिशिगन अव्हेन्यूवर आली. तिच्या खिडकीतून दिसत होत्या झोपड्या, तबेले, कचऱ्याचे ढीग. हीच ती कायम मोकळी ठेवायची जागा. 1890 मध्ये वॉर्डने शहरावर दावा लावला. हातात पुरावा होता 1836 च्या नकाशातली ओळ.

तो 1897 मध्ये जिंकला. पुन्हा 1902 मध्ये जिंकला. पण खरी कसोटी पुढे होती. व्यापारी मार्शल फील्ड 1906 मध्ये वारले आणि संग्रहालयासाठी 80 लाख डॉलर ठेवून गेले. शहराची आखणी करणारे डॅनियल बर्नहॅम यांनी ते संग्रहालय बागेच्या मधोमध रेखाटलं. देखणं, भव्य, सगळ्यांसाठी. वॉर्ड म्हणाला, इथे नको. वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. शहराच्या प्रगतीच्या आड येणारा म्हणून त्याची संभावना झाली. 1909 मध्ये एका मुलाखतीत तो म्हणाला की मी शिकागोच्या गरिबांसाठी लढलो, लक्षाधीशांसाठी नाही; आणि लोक कधी याची कदर करतील असं मला वाटत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी आणि नंतर पुन्हा एकदा त्याचीच बाजू उचलून धरली. फील्ड म्युझियम शेवटी बागेच्या दक्षिणेला, सरोवरात भर घालून केलेल्या जमिनीवर उभं राहिलं. 1921 मध्ये ते उघडलं. संग्रहालयही मिळालं, बागही राहिली.

एक गोष्ट मला इथे बोचते. वॉर्ड जिंकला तो नागरिक म्हणून नव्हे. बागेसमोर त्याची मालमत्ता होती म्हणून त्याला दाव्याचा हक्क होता. ज्या गरिबांचं नाव त्याने घेतलं, त्यातला एखादा हमाल कोर्टात गेला असता तर त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

(दृश्य: लखनौ, अमीनाबाद. गर्दी, हातगाड्या, मधे बाग.)

शिकागोच्या बंदराचा तो 1892 चा निकाल भारतात आला तो एका नदीच्या खटल्यातून. हिमाचलात बियास नदीकाठची वनजमीन एका हॉटेलला भाडेपट्ट्याने दिली होती. 1996 च्या डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पट्टा रद्द केला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी निकालात इलिनॉय सेंट्रल खटल्याचा आधार घेतला आणि विश्वस्ताचं तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. पीठावर त्यांच्यासोबत होते न्यायमूर्ती सगीर अहमद.

तेच सगीर अहमद तीन वर्षांनी, न्यायमूर्ती वाधवा यांच्यासोबत, लखनौच्या झंडेवाला पार्कचा खटला ऐकायला बसले. अमीनाबादसारख्या दाटीच्या बाजारात ही जुनी बाग. महापालिकेने 1993 मध्ये एका बिल्डरशी करार केला: बागेखाली भुयारी बाजार आणि वाहनतळ. निविदा काढल्या नाहीत. दुकानं कुणाला द्यायची ते बिल्डर ठरवणार. वाहनं लावायला जागा नाही, फेरीवाल्यांनी रस्ते भरलेत, ही कारणं इथेही खरीच होती.

उच्च न्यायालयाने करार मोडीत काढला. बिल्डर सर्वोच्च न्यायालयात गेला. 1999 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाग ही महापालिकेच्या हातातली विश्वस्त ठेव आहे. हा करार बेकायदा आहे. बांधकामाचा बहुतेक भाग पाडा आणि बाग पूर्ववत करा. एवढा पैसा घातलाय, आता पाडून काय मिळणार, हा युक्तिवाद न्यायालयाने ऐकला नाही. मला हा निकाल त्यासाठीच मोठा वाटतो. कारण आपल्याकडे नेहमीचा मार्ग तोच असतो: आधी बांधून टाकायचं, मग नियमित करून घ्यायचं.

त्याच्या आधी, बंगळुरूच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली होती, तीही न्यायालयाने 1991 मध्ये परत घेतली. रुग्णालय तर सगळ्यांनाच हवं. पण बाग ही लोकांनी स्वतःलाच दिलेली भेट आहे, असं न्यायमूर्ती सहाय यांच्या निकालात आहे. तिथे दाद मागायला गेले होते ते त्या भागातले साधे रहिवासी.

(दृश्य: महाराष्ट्रातल्या एखाद्या शहराचा विकास आराखडा. हिरव्या रंगाचा एक चौकोन.)

आपल्या गावात तो 1836 चा नकाशा म्हणजे हा विकास आराखडा. हिरव्या चौकोनात लिहिलेलं असतं: बाग, किंवा खेळाचं मैदान. हे आरक्षण बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली सूचना काढावी लागते. ती राजपत्रात येते. भाषा रुक्ष असते, सर्व्हे नंबर असतो, बाग हा शब्द कुठेतरी मधे दडलेला असतो. हरकती आणि सूचना पाठवायला एक महिन्याची मुदत मिळते.

वॉर्डला समोर इमारत असावी लागली होती. या कलमात हरकत घेण्याचा हक्क कोणत्याही व्यक्तीला आहे. त्या बागेत रोज फिरणाऱ्या आजोबांना आहे, तिच्या कडेला भाजी विकणाऱ्या बाईला आहे. साध्या कागदावर सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक, आपला पत्ता आणि हरकतीचं कारण लिहायचं, कचेरीत द्यायचं आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेऊन यायची. पुढे प्रकरण कोर्टात गेलंच, तर वेळेत हरकत घेतली होती याचा पुरावा ही प्रतच असते.