उन्हात बघावी अशी पैठणी

(दृश्य: धुक्यातलं फाटक. ओल्या पायवाटेवरून चाललेल्या तिघीजणी. एकीच्या हातात मलमलीत गुंडाळलेलं गाठोडं.)

जानेवारीत पुण्याला सूर्य सातनंतर उगवतो. एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या झाडांच्या शेंड्यांवरून उतरून गवतापर्यंत पोचायला त्याला आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. तिथून पुढे दीड-दोन तास ऊन कामाचं. मग ते टोचायला लागतं.

रेसकोर्सला लागून असलेली ही ३९ एकरांची बाग ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था सांभाळते. संस्थेची स्थापना १८३० सालची. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला इथे फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आज मात्र झाडणारे मामा, पोपट आणि आम्ही, एवढेच आहोत.

त्या गाठोड्यात नऊवारी पैठणी आहे, येवल्याच्या हातमागावर विणलेली. मागावरून उतरली, घडी झाली आणि मलमलीत गेली. अंगावर चढून ती आज पहिल्यांदाच उजेडात येतेय. एका विणकर कुटुंबासाठी दिनदर्शिका करायची आहे, बारा पानांची, आणि बाराही पानांवर हीच पैठणी.

(दृश्य: दोन झाडांना बांधलेली चादर. मावशींचे हात. कापडाची सळसळ.)

मावशी गेली तीस वर्षं नवऱ्या मुलींना आणि नाटकातल्या नट्यांना साडी नेसवतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. एवढं कापड एका अंगावर बसवायचं, तेही टाचणीशिवाय.

बघा, सुरुवात गाठीपासून होते. कापड कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारायची. "पोट आत घे गं बाळा, आणि श्वास सोड. आता लागेल तेवढं हस." गाठ सैल राहिली तर दुपारपर्यंत सगळं उतरतं, आणि फार आवळली तर मुलीला बसता येत नाही. पदराची लांबी आधीच ठरवून बाजूला काढायची, कारण पदर हा या कापडाचा चेहरा आहे. तो कमी पडून चालत नाही. उरलेल्या कापडाच्या निऱ्या. मावशी त्या बोटांवर मोजत नाहीत, अंगठा आणि करंगळी ताणून वितीवर घालतात. निऱ्यांचा मधला काठ दोन पायांमधून मागे घेऊन खोचला की कासोटा झाला, आणि पुढे उरलेल्यांचा ओचा.

पोटरीवरचा काठ पाहा. तो सरळ रेषेत टाचेकडे उतरायला हवा. मावशी तीनदा सोडतात आणि तीनदा घालतात. तिसऱ्यांदा मांडी घालून जमिनीवर बसतात, एक डोळा मिटतात आणि काठाकडे खालून वर बघतात, गवंडी ओळंब्याकडे बघतो तसं.

हल्ली शिवलेली नऊवारी मिळते. पायजम्यासारखी चढवली की पाच मिनिटांत तयार. लग्नाच्या घाईत तिचा उपयोग आहे, हे मावशीही मानतात. पण शिवायची म्हणजे आधी कापायची. मग ती एकाच मापाची, एकाच बाईची होते. आणि अखंड नऊवारी आजीची नातीला होते, उंच नातीला आणि बुटक्या नातीलाही. शिवाय फोटोत फरक दिसतो. शिवलेल्या निऱ्या बाई चालली तरी जागच्या जागी राहतात. नेसलेल्या निऱ्या पावलाबरोबर उघडतात आणि मिटतात. हे पाहा. आणि हे पुन्हा, सावकाश.

(दृश्य: जुना अल्बम. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले फोटो.)

बागेत नऊवारी नेसून फोटो काढायची हौस नवी नाही. आपल्या घराघरांतल्या अल्बममध्ये पणजी अशी उभी आहे. एक हात नक्षीच्या खांबावर, खांबावर कुंडी, मागे वेली आणि दूर कुठेतरी तळं. ही बाग खरी नाही. तो स्टुडिओतला रंगवलेला पडदा आहे.

खऱ्या बागेत का गेली नाहीत ही माणसं? उत्तर काचेत आहे. काचेवर फोटो घ्यायची ओल्या कोलोडियनची रीत १८५१ साली आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि ओलं असतानाच धुवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच बघता बघता वाळायची. म्हणजे बागेत जायचं तर अंधारा तंबू, बाटल्या, पाणी, सगळं बिऱ्हाड पाठीवर. आणि एका फोटोला कित्येक सेकंद लागायचे. तेवढ्या वेळात माणूस श्वास रोखून उभा राहील, पण झाडाचं पान कसं राहील? वारा आला की मागची सगळी हिरवळ धुरकट. म्हणून मग काचेच्या छताचा स्टुडिओ आणि न हलणारी, रंगवलेली बाग. पुढे कोरड्या काचा आल्या, हे सगळं सोपं झालं, तरी पडदा राहिलाच. लोकांना तो आवडायला लागला होता.

आणखी एक गोष्ट या फोटोंत आहे. पणजीचं कुंकू काळं दिसतं, लुगडंही काळं. घरात सांगतात की ते लाल होतं, आणि बहुधा ते खरंच आहे. त्या काचांना निळा उजेड चटकन कळायचा आणि लाल जवळजवळ कळायचाच नाही. लाल रंग नीट टिपणारी फिल्म सर्रास हाती यायला विसावं शतक उजाडावं लागलं. तोवर आपल्या बायकांच्या अंगावरचा सर्वांत आवडता रंग छायाचित्रात अंधारासारखा उमटत राहिला.

(दृश्य: पुन्हा बाग. पहिलं ऊन. मुलगी चादरीआडून बाहेर येते. काही क्षण निवेदन नाही.)

हा जांभळा रंग नीट बघा. यात जांभळा धागा एकही नाही. उभे धागे निळे आहेत, आडवे गुलाबी. विणकर याला धूपछाव म्हणतात. समोरून बघितलं तर जांभळा, निरीच्या कडेला गुलाबी, आणि घडी आत वळली की निळा. ट्यूबलाइटखाली हे कळत नाही. दुकानात गिऱ्हाईक पदर हातात घेऊन दाराशी का जातं, ते आता लक्षात येईल.

फोटो काढणारी ताई फ्लॅश आणतच नाही. तिचं म्हणणं साधं आहे. समोरून फ्लॅश मारला की जर, म्हणजे काठापदरातला चमकता धागा, एकसारखी पांढरी होते आणि रेशमाची वळणं सपाट होतात. ती मुलीला सूर्याकडे पाठ करून उभी करते. ऊन मागून येतं, केसांच्या कडेला आणि खांद्यावरच्या काठाला लागतं. चेहरा सावलीत, मऊ उजेडात.

आता अडचण बघा. मुलीच्या हनुवटीखाली हिरवट छटा आली आहे. कॅमेऱ्याचा दोष नाही, गवताचा आहे. खालून परतणारा उजेड गवताचा रंग घेऊन येतो. डोळा तो मनातल्या मनात दुरुस्त करतो, कॅमेरा करत नाही. गव्हाळ कातडीवर ही छटा आजारी दिसते. ताईकडे चंदेरी रिफ्लेक्टर आहे, पण त्याने मुलीचे डोळे मिटतात. शेवटी मावशी चादर सोडून आणतात आणि मुलीच्या पुढ्यात गवतावर पसरतात. पांढरी, घरची, सुती चादर. हनुवटी उजळते. दवाने ओचा भिजायचा तोही वाचतो.

(दृश्य: पानं, जवळून. मग तीच पानं, फिल्टर फिरवताना.)

सकाळी ओल्या पानांवर पांढरी चमक असते, त्याने हिरवा रंग फिका पडतो. ताई लेन्सवरचं पोलरायझर बोटाने फिरवते आणि चमक जाते, पानं गडद होतात. आणि जर? जर तशीच झळकत राहते. पानावरची चमक या काचेने अडते, धातूवरची तशी अडत नाही, आणि जर म्हणजे धातू चढवलेला धागा. मागची बाग शांत झाली आणि काठ बोलायला लागला. आम्ही हे तीनदा चित्रित केलं, इतकं ते आम्हाला आवडलं.

झाडाखालचे कवडसे मात्र टाळायचे. नुसत्या डोळ्यांना ते सुंदर दिसतात. फोटोत गालावर एक पांढरा डाग, नाकावर दुसरा, आणि नथीचे मोती त्या गोंधळात हरवतात. नथ घातलेली बाई कवडशात उभी करू नये, असं ताई म्हणते. दोन पावलं मागे, सलग सावलीत. आता मोती मोजता येतात.

मुलगी नवीन आहे, कॉलेजात शिकते. पहिल्या अर्ध्या तासात तिचे हात कुठे ठेवायचे हाच प्रश्न. "ताई, मी काय करू?" ताईने तिला काहीच करायला सांगितलं नाही. ओढ्याच्या कडेने चालत जा आणि परत ये, एवढंच. चालताना ओचा सावरायचा, पदर सावरायचा, पायाखाली बघायचं. हातांना आपोआप काम मिळालं.

(दृश्य: वारा. पदर उलटतो. क्षण थांबवलेला.)

इथे चित्र थांबवलं आहे, मुद्दाम.

वाऱ्याने पदर उलटला. मावशी तो सरळ करायला धावल्या, ताईने हाताने थांबवलं. ही पदराची मागची बाजू आहे. मोर तसाच आहे. बांगडीच्या गोलात बसलेले मोर, शेजारची असावलीची वेल, काठाला नारळीची नक्षी. समोरून जशी, मागून तशीच. कारण हातमागाच्या पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगाचा धागा वेगळा असतो, तो त्या आकारापुरताच जातो, शेजारच्या धाग्यात अडकतो आणि वळून परत येतो. मागे लोंबणारं काही उरत नाही. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला धागे मोकळे पसरलेले दिसतात, किंवा कापलेले दिसतात.

तुम्हाला कुणी पैठणी म्हणून साडी दाखवली तर पदर उलटा करून बघा. दारात, उन्हात. विकणारा खरा असेल तर त्याला राग येणार नाही.

(दृश्य: येवला. माग. बोटं. छोट्या कांड्या.)

पदरावरच्या एका ओळीसाठी विणकराच्या पुढ्यात अशा कितीतरी छोट्या कांड्या लटकतात, रंगागणिक वेगळ्या. एक उचलायची, चार-सहा धाग्यांखालून काढायची, ठेवायची. दुसरी उचलायची. मग ठोक. दिवसभरात पदर पुढे सरकतो तो बोटभर. भरगच्च पदराला महिने जातात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे नाव राखायला कायद्याचा आधार आहे. पण बोटं राखायची तर मागावर बसणाऱ्याला बसणं परवडायला हवं.

(दृश्य: बोगनवेल. मुलगी एकदम थांबते.)

साडेनऊच्या सुमाराला हे झालं. बोगनवेलीजवळून वळताना काट्यात जर अडकली. मुलीने घाबरून ओढलं नाही, हे तिचं शहाणपण. मावशी धावत आल्या, "हलू नकोस गं, अजिबात हलू नकोस." काटा त्यांनी नखाने मोडला. धागा नाही, काटा. मग वर आलेला जरीचा वेढा सुईच्या बोथट बाजूने मागे नेला आणि अंगठ्याने तीन-चार वेळा कापड आडवं-उभं ताणलं. कात्री बाहेर निघालीच नाही. वर आलेला धागा कापायचा नसतो, त्याला त्याच्या जागी घालवायचं असतं.

त्या पाच मिनिटांत ताईचा कॅमेरा चालू होता. मावशींची वाकलेली पाठ, मुलीचा रोखलेला श्वास, मागे गुलाबी फुलं. हा फोटो ऑगस्टच्या पानावर आहे.

(दृश्य: छापलेली दिनदर्शिका. पानं उलटताना.)

दिनदर्शिका छापली, सगळ्या प्रती गेल्या. विणकर कुटुंबाकडे काही मागण्या आल्या. त्यांच्या दोन मागांपैकी एक अजून बंद आहे.

(दृश्य: पुन्हा बाग. दहा वाजलेत. सावल्या आखूड.)

आता ऊन डोक्यावर यायला लागलं. डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, ताईने कॅमेरा पिशवीत ठेवला. पुढचं आमच्या व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेलं आहे.

मुलगी नथ काढते. नाकपुडीवर लाल वण. कासोटा सुटतो, गाठ सुटते, आणि सव्वाआठ मीटर कापड पुन्हा नुसतं कापड होतं. पैठणीची घडी एकटीने होत नाही. एक टोक मावशींकडे, एक मुलीकडे. मागच्या वेळची घडी जिथे होती तिथे आता घडी पाडायची नाही, नाहीतर जर त्या रेषेवर तुटते, म्हणून मावशी चार बोटं पुढे सरकवून घेतात. "ताण. आता ये इकडे."

मुलगी चालत येते, टोक मावशींच्या हातात देते, वाकून नवी घडी उचलते, आणि पुन्हा मागे जाते. अंतर निम्मं. पुन्हा निम्मं.

(दृश्य तसंच चालू राहतं. निवेदन संपलं. फक्त पोपटांचा आवाज.)