व्हरायटी चौकातली मोजणी

[दृश्य: सकाळचा व्हरायटी चौक. सिग्नल सुटतो, ऑटो निघतात.]

समजा, नागपुरात बर्डीच्या या चौकात कोणी वही घेऊन बसला आणि दिवसभर ऑटो मोजत राहिला. दहा चकरा मारणारा एकच ऑटो वहीत दहादा चढेल. दारासमोर ताडपत्रीखाली उभा असलेला एकदाही नाही.

कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे फोन किंवा संगणक चालवणारी मूळ प्रणाली, किती वापरात आहे, याची टक्केवारीही बरीचशी अशीच निघते. डब्लिनची स्टॅटकाउंटर कंपनी तिचा कोड बसवलेल्या साइट्सवर किती पानं उघडली गेली ते मोजते, माणसं नाही. मार्च 2017 मध्ये तिच्या हिशेबात अँड्रॉइड 37.93 टक्के आणि विंडोज 37.91. अँड्रॉइड पुढे गेल्याच्या बातम्या जगभर झाल्या. फरक किती, तर 0.02!

[दृश्य: धरमपेठेतली अभ्यासिका. मोबाइलवर झुकलेली एक विद्यार्थिनी.]

आता खरी गंमत. पान मागताना ब्राउझर, म्हणजे क्रोमसारखं पानं उघडणारं ॲप, स्वतःची ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. मोजणारा तीच वाचतो; यंत्र उघडून कोणी पाहत नाही. हिला मोबाइलवर पान नीट दिसेना, म्हणून तिने क्रोममध्ये ‘डेस्कटॉप साइट’वर टिक केली. त्या क्षणापासून तिचा अँड्रॉइड फोन त्या ओळीत स्वतःला लिनक्स या दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टीमचा संगणक म्हणवतो. पानावर मोजणीचा कोड असेल, तर लिनक्सच्या खात्यात एक भर पडली. लिनक्स हे नाव तिने कदाचित ऐकलंही नसेल.

आयपॅडचंही तेच. 2019 पासून त्यातला सफारी ब्राउझर सहसा स्वतःला मॅक संगणक म्हणवतो. विंडोज 11 तर या ओळीत अजून ‘विंडोज एनटी 10.0’ असंच लिहितं. दहा की अकरा, हे कळायला ब्राउझरला वेगळा प्रश्न विचारावा लागतो. क्रोम आणि एज त्याचं उत्तर देतात, फायरफॉक्स देत नाही. आणि 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला, तेव्हा जो तो हेच विचारत होता: दहावर अजून किती जण आहेत?

[दृश्य: एका शाळेची संगणक खोली. जुने मॉनिटर, कीबोर्डचा खडखडाट.]

या खोलीत इंटरनेट नाही. मुलं रोज इथे मराठी टायपिंग शिकतात, तास संपला की सर एकेक संगणक बंद करतात. चौकातल्या वहीवाल्यापर्यंत यातला एकही पोचत नाही.